लोणच्यातला ण

उन्हाळ्यात आमच्या घरात ण मिळत नसे. पाणी मिळत नसे हे शहापूर तालुक्यात सांगण्यासारखे काही नाही. धरणे आमच्याकडे आणि पाणी मुंबईला, याची सगळ्यांना सवय होती. पण चैत्र लागला की ण संपतो, अशी अडचण असलेले आमचे एकच घर असावे. घराच्या पुढच्या खोलीत बाबांचा छापखाना होता आणि मागच्या खोलीत आम्ही राहत होतो. मधल्या भिंतीला दार होते, पण त्याला फळी नव्हती. त्यामुळे शाईचा वास भातात आणि फोडणीचा वास लोकांच्या पावतीपुस्तकांत जाई. किन्हवलीच्या एका दुकानदाराने एकदा विचारले होते की तुमच्या बिलबुकाला हिंगाचा वास का येतो. बाबांनी त्याला कागद चांगल्या प्रतीचा आहे असे सांगितले.

छापखाना म्हणजे एक ट्रेडल मशीन, जे पायाने मारावे लागे आणि दर वेळी दात ओठ खाल्ल्यासारखा आवाज करी, आणि खिळ्यांच्या लाकडी पेट्या. खिळा म्हणजे शिशाचे एक सुटे अक्षर. पेटीत प्रत्येक अक्षराचे वेगळे घर असे, त्यातून एकेक खिळा उचलून ओळ लावायची, छापायचे, मग मजकूर सोडवून प्रत्येक अक्षर आपापल्या घरी परत टाकायचे. बाबांकडे खिळ्यांचे दोनच संच होते, एक बारीक आणि एक मोठा. बारीक अक्षर पावत्यांना, मोठे लग्नपत्रिकांना. मोठ्या संचात ण मुळातच कमी होते आणि लग्नपत्रिका हा तर ण वर पोसलेला प्रकार. श्रीगणेशाय नमः पासून सुरुवात, मग निमंत्रण, मग आपणांस, मग कुणाच्या तरी चरणी. शिवाय आमच्या भागात गणपत आणि कृष्णा नावाचे काका घरटी एक तरी असतातच.

त्यात बाबांचा एक नियम होता. लग्न लागेपर्यंत पत्रिकेचा मजकूर सोडायचा नाही. तो दोऱ्याने बांधून फळीवर ठेवायचा, कारण पत्रिका वाटून झाल्यावर नवरदेवाचा बाप हमखास परत येई आणि एका चुलत्याचे नाव राहिले, तो रुसला आहे, अजून थोड्या पत्रिका छापा म्हणे. हे नवीन नाव बसवायला जुना मजकूर लागे. त्यामुळे चैत्र-वैशाखात सगळे ण फळीवर, दोऱ्याने करकचून बांधलेले, आपापल्या वधूवरांची वाट पाहत बसत. सोडवायचे काम माझे होते. मी तेव्हा कॉलेजात जायच्या वयाची होते आणि बऱ्यापैकी तिरसट होते. तालुक्यातल्या लग्नांना शुभेच्छा द्यायचे माझे कारण निव्वळ धंद्याचे असे.

आता बाबांबद्दल. बाबांचे नाव नारायण. गावात कोणीही त्यांना नारायण म्हणत नसे. आमच्याकडे बोलताना ण चा न होतो आणि ळ चा ल होतो. आम्हाला डोला असतो, पानी लागते आणि कोनी तरी येते. बाबा लहानपणी गावचे नारान होते. शाळेत एका गुरुजींनी त्यांच्याकडून पाटीवर ण गिरवून घेतला आणि सांगितले की हे तुझ्या नावाचे शेवटचे अक्षर आहे, तुझ्या घरात ते कोणाला येत नाही, तू तरी सांभाळ. तेव्हापासून बाबा सांभाळत होते. ते सगळ्यांसारखेच ‘नाय’ म्हणत, ‘आमी’ म्हणत, पण ‘पण’ मात्र ‘पण’च म्हणत. प्रत्येक कामाच्या तळाशी ‘मुद्रक : नारायण, शहापूर’ अशी ओळ असे. इतर छापखान्यांची नावे मुंगीएवढी असतात. बाबांचे नाव मोठ्या अक्षरात, नवऱ्यामुलाच्या नावाच्या तोडीस तोड. त्या आकारात आडनाव मावत नव्हते म्हणून त्यांनी आडनाव काढून टाकले, अक्षर बारीक केले नाही. ती ओळ कायमची दोऱ्याने बांधून त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलेली असे आणि तिला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती.

आई सरळगावच्या बाजूची, मुरबाड तालुक्यातली. चौथीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर खिळे लावायला शिकली आणि बाबांपेक्षा जलद लावू लागली, हे बाबा कबूलही करत, फक्त तिच्यासमोर करत नसत. तिच्या आणि बाबांच्या लग्नातली एक हकिगत मावशी आम्हाला दर उन्हाळ्यात सांगायची. घास भरवताना बायकांनी आईला नाव घ्यायला लावले. तिने घरून पाठ करून आणलेला उखाणा म्हटला आणि शेवटी ‘नारायनराव’ म्हणाली. बाबांनी हातातला घास तसाच धरून ठेवला आणि भर मांडवात सांगितले, “नारायण. ण.” मांडव हसला. आईने घास खाल्ला, पण त्या दिवसापासून नाव घेणे बंद केले. हळदीकुंकू असो, बारसे असो, डोहाळजेवण असो, बायका कितीही मागे लागल्या तरी ती “मला येत नाय” एवढेच म्हणायची. बाबांना ‘अवो’ पुरत होते. मी तिच्या तोंडून बाबांचे नाव एकदाही ऐकले नव्हते, आणि मला वाटते बाबांनाही ते लागत असावे, कारण कुठल्याही बाईने उखाणा घेतला की ते उठून मशीनला तेल घालायला जात.

आई करवंदाचे लोणचे घालायची. चैत्रात आटगावकडच्या वाड्यांवरच्या बाया टोपल्या घेऊन यायच्या. कच्ची, हिरवी, चिकाने हात चिकट करणारी करवंदे. आई ती मिठाच्या पाण्यात टाकायची, ठेचायची, मोहरी फेसायची, आणि मागच्या खोलीत इतका ठसका उठायचा की पुढे पत्रिका द्यायला आलेले लोक डोळे पुसत परत जायचे. मुलीचे लग्न असल्यामुळे त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. त्या वर्षी मुरबाडला महिला मंडळांच्या घरगुती मालाचे प्रदर्शन भरणार होते आणि त्यात एक नवेच बक्षीस होते: उत्कृष्ट लेबल. कल्याणच्या कोणी कागदाच्या व्यापाऱ्याने ते ठेवले होते. लोणचे कसे लागते हे बघणार नाहीत, बाटलीवर काय चिकटवलेय ते बघणार. बक्षीस म्हणून दिवाळीत दादरच्या मोठ्या प्रदर्शनात एक स्टॉल. आईला तो स्टॉल हवा होता. मला हे इतके स्पष्ट आठवते, कारण आईला काही हवे असल्याचे मी त्याआधी पाहिले नव्हते. तिने वाडीवरच्या बायांना सांगूनही टाकले होते की स्टॉल मिळाला तर पुढच्या वर्षी एकही टोपली परत पाठवणार नाही. त्या बायांनी तिच्यावर विश्वास ठेवला, हीच तर पंचाईत होती.

तर लेबल हवे होते, आणि ण नव्हता.

“लग्नं उरकू दे,” बाबा म्हणाले. “ण सुटले की छापू.”

“परदर्शन तवर थांबनार हाय?”

“मग बारीक खिळ्यातला लाव.”

आईने बारीक ण लावून पाहिला. मोठ्या ‘लो’ आणि मोठ्या ‘च’ यांच्यामध्ये तो पोटात कळ आल्यासारखा दिसत होता. तिने तो काढला. मग तिने बाबांच्या उजव्या हाताकडे पाहिले. तिथे ती ओळ होती. मुद्रक : नारायण, शहापूर.

“यातला द्या,” आई म्हणाली.

“एकच आहे तो.”

“एकच तर पायजे. तुमच्या नावात न टाकू. सगली तुमाला नारायनच बोलतात, कोनाला कलनार पन नाय.”

मला वाटते लग्नाच्या मांडवानंतर ती दोघे प्रथमच इतक्या जवळून भांडत होती. बाबांचा चेहरा छपाईच्या लाल शाईसारखा झाला. “लोणच्यासाठी मी नावातला ण काढून देऊ?” ते म्हणाले आणि पत्रिकेचे प्रूफ घेऊन आमच्याकडे पाठ करून बसले. आईने हात धुतले, खिळे ओळीने जुळवायची स्टिक घेतली आणि ओळ लावली: करवंदाचे लोनचे. भोवती पत्रिकेची वेलबुट्टी बसवली, कारण आमच्याकडे दुसरी वेलबुट्टी नव्हती. कागद पत्रिकांचाच उरलेला, हळदीच्या रंगाचा. शाई जांभळट काळी. सगळे झाल्यावर तिने पाठमोऱ्या बाबांना विचारले, “तुमचं नाव टाकू का काढू?”

बाबा अडकले. चुकीच्या शब्दाखाली आपले नाव म्हणजे नाक कापून घेणे. पण प्रत्येक छापील वस्तूवर मुद्रकाचे नाव हवे, असा कायदा आहे यावर त्यांचा देवाइतका विश्वास होता. तो कायदा लोणच्याला लागू आहे की नाही हे मला आजही माहीत नाही. “कायदा आहे,” ते भिंतीला म्हणाले. “टाक.” मी ट्रेडलवर पाय मारला. खटक, फस्. वर लोनचे, खाली नारायण, दोन्ही एकाच आकाराचे. दोरीवर वाळत घातलेली लेबले पाहून शेजारच्या काकू म्हणाल्या, छान झालीत गो. चूक त्यांना दिसलीच नाही. आमच्या गल्लीत ती कोणालाच दिसली नाही, कारण सगळ्यांनी ती तोंडाने वाचली. बाबा सोडून.

यानंतर प्रदर्शनाच्या आयोजक बाई शहापूरला आल्या आणि त्यांनी बाबांना परीक्षक व्हायला सांगितले. मुंबईचे एक चित्रकलेचे प्राध्यापक येणार होते, पण सोबत छपाईतला जाणकार हवा होता. मुरबाडचा छापखानेवाला चालणार नव्हता, कारण स्पर्धेतली जवळजवळ सगळी लेबले त्यानेच छापली होती. बाबांनी प्रामाणिकपणे सांगितले, “माझी बायको स्पर्धेत आहे. लेबल माझ्याच मशीनवरचं आहे.” बाई म्हणाल्या, “मग बरंच झालं, येताना एकत्रच या, जेवणाची सोय आहे.” बाबांनी होकार दिला. बाई गेल्यावर आईने विचारले, “मला किती मार्क देनार?” बाबा म्हणाले, “शुद्धलेखनाला शून्य.” हे त्यांनी रागाने म्हटले नाही, भाव सांगावा तसे सांगितले. मला मात्र फार राग आला. मी त्या दिवशी त्यांना जेवायला वाढले नाही. त्यांनी स्वतः वाढून घेतले आणि भाकरी चांगली झाली आहे म्हणाले.

मुरबाडला शाळेच्या मोठ्या वर्गात बाके कडेला लावून प्रदर्शन भरले होते. बायका सतरंजीवर आणि माल बाकांवर. प्राध्यापक सामंत कल्याणहून एसटीने आले, घामाघूम, खांद्याला झोळी आणि झोळीत भिंग. मी त्यांच्यावर चिडायची तयारी करूनच गेले होते, पण माणूस चांगला निघाला. लेबल घेतले की आधी ते नुसते लांबून बघत, मग जवळून, मग उलटे करून पाठीवरून बोट फिरवत. बाबा त्यांच्या मागे गुणांचा तक्ता घेऊन. अक्षर, रंग, छपाई, शुद्धलेखन. मी बाबांच्या मागे, कारण मला तिथून कोणी हाकलले नाही.

पुढे मी बरीच वर्षे कल्याणला एका जाहिरातीच्या कचेरीत काढली आणि अशा परीक्षणांना कैकदा बसले, पण त्या दुपारइतकी गंभीर मंडळी पुन्हा पाहिली नाहीत. एका पापडाच्या पाकिटावर आगबोट होती. का, ते त्या मंडळालाही सांगता येईना. छापखान्यात त्या चित्राचा ठोकळा होता, एवढेच कारण. “छपाई स्वच्छ आहे,” बाबा म्हणाले. “बोट चांगली उठलीय,” सामंत म्हणाले, आणि दोघांनी मनापासून गुण दिले. मसाल्याच्या लेबलावर एक गृहिणी होती, पण तांबडा रंग छापताना कागद सरकल्यामुळे तिचे कुंकू नाकावर उतरले होते. नाचणीच्या सत्त्वावर गणपती होता. सामंतांनी हळूच विचारले की पाकीट फोडल्यावर हा कागद कुठे टाकतात. त्या बाईंनी पाकीट पदराखाली घेतले. पुढच्या वर्षी तिथे ससा होता.

मग मुरबाडच्याच एका मंडळाचा हातसडीचा तांदूळ आला. दोन रंग, रेघ रेघेवर, एकही अक्षर चुकलेले नाही. बाबांनी ते लेबल दोन्ही हातांत धरले आणि सगळ्या रकान्यांत पैकीच्या पैकी गुण लिहिले.

“निर्दोष आहे,” सामंत म्हणाले. “पण बघून झाल्यावर लक्षात काय राहतं?”

“तांदूळ,” बाबा म्हणाले.

सामंतांनी यावर विचार केला आणि मान डोलावली. शेवटच्या बाकावर आईच्या बाटल्या होत्या, शेजारी एक सुटे लेबल. सामंत लांबूनच थांबले. “लोणच्याचं लग्न आहे की काय?” ते हसत म्हणाले. जवळ जाऊन पाठीवरून बोट फिरवले, डोळे मिटले. “दाब सुंदर आहे. ट्रेडल?”

“ट्रेडल,” बाबा म्हणाले. त्यांना बरे वाटले हे पाठीमागूनही कळत होते.

आणि मग सामंतांनी भिंग लावून शब्द वाचला. पुन्हा वाचला. “लोनचे,” ते म्हणाले. “वा. काय धीट आहे हे!”

“चूक आहे,” बाबा म्हणाले.

“नाही हो. मुद्दाम केलंय. इथल्या बाया बोलतात तसं लिहिलंय. वाचलं की इथल्या बाईचा आवाजच ऐकू येतो.”

“चूक आहे ते. ण पाहिजे.”

“अहो, पण ण होता ना त्यांच्याकडे,” सामंतांनी भिंग खाली सरकवले. “हा बघा. मुद्रक, नारायण. त्याच आकाराचा, त्याच संचातला. ण हाताशी असून वर न लावलाय, म्हणजे विचार करूनच लावलाय.”

तर्कात काहीच खोट नव्हती. बाबांना एवढेच सांगायचे होते की तो ण माझा आहे, बायकोने मागितला होता आणि मी दिला नाही. त्यांनी तोंड उघडले. “तो,” ते म्हणाले, आणि पुढचे शब्द लावायला त्यांच्याकडे खिळे नव्हते. त्यांनी तक्ता घेतला, छपाईला पैकीच्या पैकी गुण लिहिले आणि शुद्धलेखनाच्या रकान्यात वाटोळे, मोठे शून्य काढले. सामंतांनी आपल्या तक्त्यावर त्याच रकान्यात दहा लिहिले. बेरीज केली तर तांदूळ आणि लोणचे बरोबरीत आले. स्टॉल एकच होता.

“लेबल करणाऱ्या बाईंनाच विचारू,” सामंत म्हणाले. “मुद्दाम केलं असेल तर पहिला नंबर त्यांचा. चुकून झालं असेल तर तांदळाचा. मान्य?” बाबांनी मान हलवली. ते दुसरे काय करणार होते?

आईला पुढे बोलावले. सतरंजीवरच्या सगळ्या बायका पुढे सरकल्या. मी खिडकीला टेकून उभी होते. तिला फक्त “मुद्दाम केलं” म्हणायचे होते. खोटे बोलायची कलाही नको, नुसती मान डोलवली असती तरी चालले असते. मी डोळ्यांनी तिला खुणावत होते. वाडीवरच्या दोन बाया प्रदर्शन बघायला म्हणून आल्या होत्या, त्या दाराशी बसल्या होत्या. त्याही तिच्याकडे बघत होत्या.

“बाई,” सामंत म्हणाले, “लोणच्यात न लावलात. तो मुद्दाम?”

“नाय,” आई म्हणाली. “खिला नव्हता.”

मी डोळे मिटून घेतले. स्टॉल गेला. सामंतांनी लेबल वर धरले. “मग हा खाली कुठून आला?”

आईने लेबलाकडे पाहिले, मग बाबांकडे. बाबा खुर्चीवर, मांडीवर तक्ता, नजर तक्त्यात. बाबांवर सूड उगवायला याहून चांगली जागा नव्हती. अर्धा तालुका बसला होता. मला खरे सांगायचे तर तिने तो उगवावा असे वाटत होते.

“तो यांचा हाय,” आई म्हणाली.

“यांचा म्हणजे कुणाचा?” आयोजक बाईंनी चटकन पकडले, आणि सतरंजीवरून एकच गिल्ला उठला. “नाव घ्या! नाव घ्या!” आमच्याकडे बायकांच्या घोळक्यात ‘यांचा’ असे म्हणून कोणी सुटत नाही. माझी मावशी पुढेच बसली होती. ती गप्प झाली, कारण तिला माहीत होते. बाबांनी इकडेतिकडे पाहिले. मशीन नव्हते, तेल घालायला जायला जागा नव्हती.

आईने पदर सारखा केला आणि खाली बघत, घाई न करता म्हणाली,

“बरनीवरती न लावला, खिला नव्हता म्हनून;
नारायणरावांचं नाव घेते, ण तेवढा राखून.”

ण. स्वच्छ, टाळूला जीभ लावून, अगदी गुरुजींनी पाटीवर गिरवून घेतल्यासारखा. बायकांनी टाळ्या वाजवल्या त्या उखाण्याला. तो ण फक्त तिघांना ऐकू आला, मावशीला, मला आणि बाबांना. बाबांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी नंतर एकदाच पाहिले, त्यांनी माझ्या मुलाला पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा. मी खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर एक बैल होता.

सामंत आईकडे, मग लेबलाकडे, मग बाबांकडे बघत राहिले. हळूहळू त्यांना कळले असावे. “म्हणजे तुम्ही नारायणराव,” ते म्हणाले. “मग आता काय करायचं? ठरलं त्याप्रमाणे चुकून झालंय. तुमचं शून्य बरोबर आहे.”

बाबा उठले. तक्ता छातीशी धरून त्यांनी घसा साफ केला. “चुकून नाय,” ते म्हणाले. “ण होता. यांनी मागितला. मी दिला नाय. शून्य राहू दे, पण ते मुद्रकाला लावा. बाईंना नको.”

मुद्रकाला गुण द्यायचा रकानाच तक्त्यात नव्हता. सामंतांनी पेन काढून तो आखला, त्यात बाबांचे शून्य उतरवले आणि पहिला नंबर लोणच्याचा असे जाहीर केले. तांदळाच्या बाईंनी उठून आईच्या कपाळाला कुंकू लावले. दाराशी बसलेल्या बायांनी विचारले, “म्हंजे आता टोपल्या आनाच्या ना?” आई म्हणाली, “आना.”

दिवाळीत दादरला लोणचे खपले आणि तिथलाच एक दुकानदार ते मागवू लागला. पुढच्या पावसाळ्यात ण मोकळे झाल्यावर बाबांनी कोणी न सांगता नवी लेबले लावली, शुद्ध, करवंदाचे लोणचे. दुकानदाराने ती परत पाठवली आणि कळवले की हा माल नकली दिसतो, गिऱ्हाईक लोनचेच मागते. मग बाबा मरेपर्यंत स्वतःच्या हाताने न लावत राहिले. छापखाना जाऊन आता कैक वर्षे झाली. लेबले आसनगावला संगणकावर होतात, चकचकीत, आणि तो संगणक दर वेळी त्या शब्दाखाली तांबडी रेघ मारतो. बाबा असते तर त्यांनी त्याला चहा पाजला असता.

पण मला त्या दिवसाची परतीची एसटी सांगायची आहे. मुरबाडहून आम्ही शहापूरच्या गाडीत बसलो. आई खिडकीशी, मांडीवर स्टॉलच्या जोडीने मिळालेला बक्षिसाचा पितळी तांब्या, शेजारी मी. बाबा आमच्या मागच्या बाकावर. सरळगाव गेले. आईने पिशवीतून भाकरी आणि सुकट काढली, एक भाकरी न बघताच मागे धरली, बाबांनी घेतली. किन्हवलीला गाडी बरीच रिकामी झाली. मग मागच्या बाकावरून बाबा पुढे झुकले. बाकाच्या दांडीवर त्यांचे शाईने काळे झालेले हात मला दिसत होते.

“परत एकदा बोल गो,” ते हळूच म्हणाले.

“काय?”

“तेच. मघाचं. नाव.”

आईने तांब्या पदराने पुसला. खिडकीबाहेर बघत राहिली, आणि तिचा गाल मला दिसत होता म्हणून सांगते, ती हसत होती.

“एकच व्हता,” ती म्हणाली. “लावला.”